रहिमतपूरची आत्या आणि पाचगणीचा लाकडी हॉल

माझ्या लहानपणी मोजायच्या दोन तऱ्हा होत्या. आबा, म्हणजे माझे वडील, मोजायचे ते एक-दो, एक-दो. त्यांची अर्धी हयात पलटणीत गेली होती आणि हवालदार म्हणून घरी आल्यावरही ते भाजी आणायला निघाले तरी पाय त्याच तालात पडायचे. शाळेतल्या संगीताच्या खुर्शीदबाई मोजायच्या त्या वन-टू-थ्री, वन-टू-थ्री, आणि तीनवर आवाज असा काही लांबवायच्या की ऐकणाऱ्याचा श्वासही लांबावा. एकदा आबा शाळेच्या हॉलच्या दारात बराच वेळ उभे राहून आमची नाचाची तालीम बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "बाई, त्ये तिसऱ्यावर करायचं काय असतं? माणसाला पाय दोनच हायेत की." बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. मला मात्र तो प्रश्न मनापासून आवडला. पुढे सगळं आयुष्य मी त्या तिसऱ्या मात्रेवर काय करायचं हेच शिकत राहिले. चाकांवर शिकले, मग बर्फावर शिकले, आणि एका परक्या देशाच्या नावाचा कोट अंगावर घालून ते हजारो माणसांपुढे करूनही दाखवलं.

आमचं मूळ गाव पलूसच्या बाजूचं. उसाची जमीन, ती चुलते बघायचे. आबांना पलटणीतून आल्यावर शेतात करमेना, म्हणून त्यांनी पाचगणीच्या एका निवासी शाळेत ड्रिल मास्तरची नोकरी धरली आणि आई आणि मी त्यांच्याबरोबर डोंगरावर आलो. शाळेच्या मुदपाकखान्यामागं आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. सकाळी डोळा उघडायचा तो तिथल्या मोठ्या पातेल्यांच्या आवाजानं. साहेबी पोरांसाठी टोस्ट भाजल्याचा वास आमच्या खोलीत यायचा आणि आमच्या चुलीवरच्या खर्ड्याचा ठसका त्यांच्या मुदपाकखान्यात जायचा. आचारी शिंकत शिंकत ओरडायचा, "वहिनी, आज किती मिरच्या घातल्या?" आई आतून सांगायची, "मोजल्या न्हाईत." कुणीतरी एकदा तिला टोपलीभर स्ट्रॉबेरी दिल्या. तिनं एक चाखून बघितली, तोंड वाकडं केलं आणि उरलेल्यांची लसूण-मिरची घालून चटणी वाटली. ती चटणी आम्ही भाकरीबरोबर खाल्ली आणि मला ती अजून आठवते. इंग्लंडात पुढे मला लोकांनी स्ट्रॉबेरी साय घालून खायला घातल्या. छान होत्या, पण भाकरीबरोबरची मजा नाही.

आमच्या खोल्यांपलीकडं शाळेचा जुना हॉल होता. उंच छत, दोन्ही अंगांना खिडक्या, आणि खाली सागवानी जमीन. संध्याकाळी तिथं पोरं चाकांचे बूट घालून फिरायची. त्याची घरघर आमच्या भिंतीतून यायची, आणि तिच्यावर पियानो. पियानो खुर्शीदबाईंचा. त्या शाळेत संगीत शिकवायच्या. पारशी बाई, पांढरे केस कापलेले, अंगावर कायम विणलेला स्वेटर. तरुणपणी त्या वडिलांबरोबर इंग्लंडात राहिल्या होत्या आणि तिथं बर्फावर जोडीनं नाचायला शिकल्या होत्या. पाचगणीत बर्फ कुठला? म्हणून जे बर्फावरचं येत होतं ते त्यांनी चाकांवर शिकवायला घेतलं. शाळेतल्या पोरी चार दिवस शिकायच्या, पडायच्या, रडायच्या आणि टेनिसकडं जायच्या. मी दारात बसून बघायची. एक दिवस बाईंनी एक जुना जोड माझ्यापुढं टाकला आणि म्हणाल्या, "दीकरी, नुसतं बघून पाय दुखत नाय. घाल." मी घातले. उभी राहिले. पडले. उठले आणि परत पडले. तिसऱ्या खेपेला मी हॉलच्या टोकापर्यंत गेले आणि मला वाटलं, आजवर आपण चालत होतो तो सगळा वेळ वाया गेला.

या नाचाला जोडी लागते, आणि जोडीत एक मुलगा लागतो. इथं गाडं अडलं. मी तेव्हा नाकासमोर चालणाऱ्या घरातली वयात आलेली मुलगी. परक्या पोराच्या हातात हात देऊन आबांनी मला एक फेरीही मारू दिली नसती. पण त्याच सुमारास हौसाआत्यानं, म्हणजे आबांच्या थोरल्या बहिणीनं, आपला मुलगा विलास आमच्याकडं आणून टाकला होता. रहिमतपूरच्या शाळेत त्याचं अभ्यासात लक्ष लागेना. "पांडबा," आत्या आबांना म्हणाली होती, "ह्येला तुझ्या ड्रिलमदी उभा कर आन सरळ कर." विलास तसा सरळच होता. उंच, हसरा, कुणाला नाही म्हणता न येणारा. बाईंनी त्याला बघितलं आणि चाकांवर चढवलं. त्याला जमू लागलं. आबांनीही लगेच परवानगी दिली. त्यांचा हिशेब सोपा होता: पोरगा घरचा, सख्ख्या बहिणीचा, मग काळजी कसली?

आईनं कपाळावर हात मारला. "आवं, कळतंय का तुमाला काय करताय त्ये? आत्याचा ल्योक हाय त्यो. आपल्यात मामाच्या पोरीवर त्येचा पयला हक्क असतुया. लोकं सोयरीक जमली म्हणत्याल."

"खेळ हाय गं त्यो," आबा म्हणाले.

"पलटणीत असंल खेळ. हितं न्हाई."

आबा इतकी वर्षं सरहद्दीवर राहिले होते की गावाकडच्या गोष्टी ते कधीकधी पाहुण्यासारख्या विसरायचे. परका पोरगा धोक्याचा आणि घरचा बिनधोक, एवढंच त्यांना दिसलं. आमच्याकडं आतेभाऊ घरचा असतो तो कोणत्या अर्थानं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

तालमी सुरू झाल्या. बाईंनी मला निळ्या कापडाचा फ्रॉक शिवला, गुडघ्यापर्यंत. आईनं तो संध्याकाळी घरी आणला, खालची शिलाई उसवली आणि बोटभर लांब केला. दुसऱ्या दिवशी बाईंनी परत आखूड केला. आईनं परत सोडला. दोघी एकमेकींना तोंडावर काही बोलायच्या नाहीत, भेटल्या की हसायच्या, एकीला दुसरीची भाषा धड येत नव्हती आणि भांडण मात्र सगळं त्या फ्रॉकच्या काठावर चालायचं. अखेर खाली जाड मोजे घालायचे ठरलं आणि फ्रॉकची सुटका झाली. अजून माझ्याकडं स्पर्धेतले झगमगीत पोशाख आहेत, पण अंगाला बसलेला कपडा म्हणून मला तो निळा फ्रॉकच आठवतो.

आम्ही चांगले झालो. ही बढाई नाही, किंवा असली तरी या वयात मला ती शोभते. पुण्या-मुंबईकडच्या जोड्यांसमोर आम्ही उतरलो आणि त्यांना मागं टाकून आलो. तेव्हा एक दिवस बाईंनी आबांना बोलावून सांगितलं, की त्यांचा भाऊ इंग्लंडात राहतो, त्याच्या गावात बर्फाचा मोठा रिंक आहे, आणि तो या दोघांना स्वतःच्या घरी ठेवून घ्यायला, शिकवायला तयार आहे. पण जोडी हवी. एकट्या मुलीला तो तरी काय शिकवणार?

घरी आल्यावर आई म्हणाली, "बर्फावर? गोळ्यावाल्याकडं असतुया तसल्या?"

"तसलाच. पर लांबलचक," आबा म्हणाले. त्यांनी तो काश्मीरकडं पाहिला होता. मग म्हणाले, "पलटणीत आमच्यातलं कुणी इलायतेला गेलं त्ये लढाईला. न्हाचायला कोण गेलं न्हाई." त्यांच्या आवाजात मला नाराजी शोधूनही सापडली नाही. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मला जायचं होतं. इतकं काही मला आयुष्यात हवंसं वाटलं नव्हतं आणि पुढेही क्वचितच वाटलं.

मग शाळेचं संमेलन आलं. लेकाचा कार्यक्रम म्हणून हौसाआत्या रहिमतपूरहून एसटीनं आली, बरोबर आल्याचं पोतं घेऊन. तिच्या शेतात आलं पिकायचं. नवरा लवकर गेल्यावर बैलजोडी, गडी, पाणी, बाजार सगळं ती एकटी बघायची, आणि बाजारात तिच्याशी बोलताना व्यापारी उभे राहायचे. आबांची आई ते लहान असतानाच गेली. तेव्हा आबांना कडेवर घेऊन वाढवलं ते या आत्यानं. त्यामुळं ती काहीही म्हणाली तरी आबांचं उत्तर एकच असायचं: "व्हय आक्का."

आम्ही नाचलो. हॉल गच्च भरला होता. विलासचा हात माझ्या कमरेवर, माझा त्याच्या खांद्यावर, आणि बाईंचा पियानो. टाळ्या पडल्या. मी आत्याकडं बघितलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. पदर तोंडाला लावून माझ्याकडं एकटक बघत होती. काही न बोलता ती दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं परत गेली.

पुढच्या रविवारी ती जीपमधून आली. बरोबर भावकीतली चार वडीलधारी माणसं, नवी साडी, साखरेचा पुडा, नारळ, सुपारी. आईनं दारातूनच हे बघितलं आणि आबांकडं असं पाहिलं की आबांनी मान खाली घातली. पाहुणे सतरंजीवर बसले. चहा झाला. आत्या म्हणाली, "पांडबा, तू काय बोलला न्हाईस, पर मला समदं कळलं. भरल्या सभंत माझ्या लेकाच्या हातात पोरीचा हात दिलास. आता सुपारी फोडून टाकूया."

आबा कात्रीत सापडले. खेळ होता असं सांगावं, तर भरल्या सभेत लेकीचा हात उगाच दिला असं होणार. विलास दाराशी उभा होता आणि स्वतःच्या पायांकडं बघत होता.

"आक्का," आबा कसेबसे म्हणाले, "पोरांना इलायतेला बोलवलंय."

"कानावर आलंय माझ्या. त्ये आता इसरा. मला घरात सून पायजे, आल्याच्या लागणीला माणूस पायजे. लगीन झाल्याव न्हाचणं बंद. आन तुझ्या मनात न्हाई म्हणायचं असंल तर तसं सांग, मी माझ्या लेकाला घिऊन आत्ताच्या आत्ता जाती."

पेच असा होता. हो म्हटलं तर बूट सुटले. नाही म्हटलं तर विलास गेला, जोडी मोडली, आणि परक्या पोराबरोबर आबा मला नाचू देणार नव्हते, म्हणजे इंग्लंड संपलं. दोन्ही वाटा एकाच जागी येत होत्या. आबांचे ओठ हलताना मला दिसले आणि आता ते "व्हय आक्का" म्हणणार हे मला कळलं. बैठकीत मुलीनं तोंड उघडायची आमच्याकडं पद्धत नव्हती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून बाहेर आले.

"आत्या, एक इचारू? तुमाला मी कशावरनं पसंत पडली?"

भावकीतले एक आजोबा म्हणाले, "पोरगी लय धीट हाय गड्या."

"इचारू द्या की," आत्या म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "सांगती. त्या दिवशी वळताना इलासचा पाय अडकला. समद्यांम्होरं पडलाच असता. तू त्येला असा खेचून घेतलास, आन तोंडावरचं हसू हललं न्हाई तुझ्या. कुणाला कळलं न्हाई. मला कळलं. म्हटलं, माझ्या लेकाला जलमभर सावरणारी हीच."

खरं होतं ते. त्याचा पाय अडकला होता. मला वाटलं होतं की बाईंखेरीज ते कुणाला दिसलं नसेल.

"मंग आत्या," मी म्हणाले, "जे बघून मला मागाय आलाय, त्येच तुमी पयलं बंद करणार व्हय?"

  मला वाटलं आत्या आता उठून मुस्काडात देणार. ती उठली खरी. पण म्हणाली, "चल. मला परत दाव. आज लोकं न्हाईत, पडदं न्हाईत. नीट बघती."

सगळी बैठक उठून हॉलकडं निघाली. खुर्शीदबाईंना बोलावणं गेलं, त्या घाबऱ्याघुबऱ्या आल्या आणि पियानोवर बसल्या. आत्यानं दाराबाहेर पायताणं काढली, सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या आणि हॉलच्या एका बाजूला, बरोबर मध्यावर जाऊन उभी राहिली. बैल विकत घ्यायच्या आधी ती त्याला असंच चालवून बघायची. ती आमच्या तोंडाकडं बघत नव्हती, पायांकडं बघत होती.

आम्ही सुरू केलं. इथं मला एक गोष्ट सांगायला हवी, जी तोवर मी, विलास आणि बाई या तिघांनाच ठाऊक होती. लांब वळणावर मी रोज जरा हळू व्हायची. विलासला तिथं वेळ लागायचा, म्हणून मी थांबायची, तो आला की पुढं जायची. इतकं अंगवळणी पडलं होतं की बाहेरून ते नाचाचाच भाग वाटावं. त्या दिवशी मी थांबले नाही. ठरवलं नव्हतं. पण पोटात राग होता, भीती होती, आणि हे आपलं शेवटचं नाचणं असेल तर ते तरी पुरं व्हावं असं वाटत होतं. वळण आलं, मी पूर्ण वेगानं त्यात शिरले, आणि विलासचा हात माझ्या हातातून सुटला. बाई पियानो थांबवतील असं वाटलं. त्यांनी थांबवला नाही. मी एकटीच पुढं गेले. पुरा हॉल, एका पायावर, मग उलटी फिरून, मग पुन्हा सरळ, खिडक्यांतून डोंगरावरचा गार वारा आत येत होता आणि खाली सागवान वाजत होतं. पुढे बर्फावर मला लोकांनी उभं राहून मान दिला, पण त्या रविवारी मी जशी नाचले तशी पुन्हा फार थोड्या वेळा नाचले, हे मी अभिमानानं लिहून ठेवते.

थांबले तेव्हा विलास भिंतीला टेकून उभा होता. सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती त्यानं.

आत्या त्याच्याजवळ गेली. "इलास, खरं सांग. ही तुझ्यासाठी थांबती का न्हाई?"

विलासनं माझ्याकडं बघितलं. त्याचे डोळे भरले होते, तरी तो हसला. "थांबती आई. रोज थांबती."

 एकुलता एक मुलगा होता तो आत्याचा. मग ती भावकीकडं वळली आणि म्हणाली, "चला. ही सोयरीक न्हाई व्हायची. एक बैल चालीचा आन दुसरा मागं ओढणारा असला, की चालीच्या बैलाचा खांदा जातुया. माझं पोरगं लाखात एक हाय, पर हिच्याबरूबर त्ये चालणार न्हाई. संसारात न्हाई आन ह्यात बी न्हाई."

मग बाईंकडं गेली. "बाई, तिकडं हिच्या तोडीचा गडी गावंल का? न्हाचायला म्हणतीया मी."

"मिळेल ने," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "माझा भाऊ शोधेल. पण तो गोरा छोकरा असेल."

आत्यानं आबांकडं पाहिलं. परक्या पोराच्या हाताला हात लागू नये म्हणून ज्या माणसानं हा सगळा घोळ घातला होता, तो माणूस हॉलच्या मधोमध ताठ उभा होता, पण गालांवरून पाणी ओघळत होतं.

"पांडबा, चालंल का तुला?"

"आक्का, तू म्हणतीस तर..."

"मी म्हणतीया म्हणून नगं. तुझ्या डोळ्यांनी बघितलंस का न्हाई?"

"बघितलं," आबा म्हणाले.  "जाऊ दे तिला."

पुढे इंग्लंडात गेल्यावर मी स्पर्धेत दुसऱ्या देशाच्या नावावर उतरले, तेव्हा मला सर्वांत जास्त भीती वाटली ती आबांची. सारी उमर एका झेंड्याला सलाम केलेला माणूस. ते फक्त म्हणाले, "बूट त्यांचं असू देत. पाय आमचंच हायेत." आज मी सांगलीत राहते, गुडघे कुरकुरतात, जिना चढायचा म्हटलं की विचार करावा लागतो. विलासनं रहिमतपुरात आल्याची शेती अशी काही वाढवली की लांबून लोक बघायला येतात. त्याची बायको त्याच्या दोन पावलं पुढं चालते आणि तो मजेत मागून येतो.

पण तो रविवार. पाहुणे जीपकडं गेले, आई मला मिठी मारून रडत होती, बाई पियानोचं झाकण लावत होत्या. मी जमिनीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. आत्या माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं माझे दोन्ही घोटे हातांत धरले, घट्ट. मला वाटलं ती काही आशीर्वाद देईल.

"त्यो गोरा बी मागं पडला," आत्या म्हणाली, "तर त्येचा बी हात सोड. थांबू नगंस."